मोडीतलं जुनं खरेदीखत आणि आजचा गट नंबर यांचा सांधा कसा जुळवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे १८९० च्या सुमाराचं मोडी खरेदीखत आहे. त्यात सर्व्हे नंबर दिलाय, पण गावात आता गट नंबर चालतात. दस्तातल्या माणसांना आडनावं नाहीत. ती जमीन आज नेमकी कुठली, आणि तेव्हा ती कायमची विकली गेली होती की गहाण पडली होती, हे कसं ठरवायचं?

बहुतेक जण इथे आजोबा-पणजोबांच्या नावाचा माग काढायला निघतात आणि अडकतात. माग काढायचा तो आकाराचा, म्हणजे त्या शेतावर बसवलेल्या सरकारी साऱ्याचा. नावं बदलतात, नंबर बदलतात, तालुकेही बदलतात. आकार मात्र एका जमाबंदीच्या (साऱ्याच्या ठरावाच्या) मुदतीत, म्हणजे साधारण तीस वर्षं, तोच राहतो. शेताचे तुकडे पडले तर आकाराचेही पडतात आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज मूळ आकड्याला येऊन मिळते. क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा या तिन्ही गोष्टी जुळल्या की नावाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

दख्खनमध्ये ही व्यवस्था १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी घातली. एका बैलजोडीने कसता येईल एवढं शेत धरून त्याला नंबर द्यायचा, मातीची खोली आणि प्रत पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रतींत ती बसवायची, चुनखडी, वाळू, उतार, पाणथळ असे दोष असतील तर प्रत उतरवायची आणि त्यावरून आकार ठरवायचा. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हे नियम पक्के केले. मुदत संपल्यावर फेरमोजणी झाली आणि तिथेच पहिली गुंतागुंत होते. पुष्कळ गावांत फेरमोजणीत मोठे नंबर फोडले गेले, काही एकत्र झाले, आणि सगळ्या गावाला नव्याने नंबर पडले. तुमच्या दस्तातला ‘सर्व्हे नंबर ८४’ मूळ मोजणीचा आहे की फेरमोजणीचा, हे त्या गावाची फेरमोजणी कोणत्या साली लागू झाली यावर ठरतं. भूमी अभिलेख कार्यालयात आकारबंद, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकाराचं पत्रक, मागताना ‘जुना नंबर–नवा नंबर’ दाखवणारं पत्रकही मागा. काही दस्तांत लेखकानेच ‘साबीक नंबर अमुक, हल्ली नंबर तमुक’ असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर निम्मं काम झालं.

आता दस्ताकडे वळू. कागद हातात घेतल्यावर आधी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एक सरळ उजेडात आणि एक बाजूने तिरपा उजेड टाकून. तिरप्या उजेडात पुसट शाई आणि कागदात दाबलेला छाप उठून दिसतो. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा नासतो आणि मूळ दस्ताची तपासणी करायची वेळ आली तर ती अवघड होते. घडीवर तुटत असेल तर आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा.

मग मागची बाजू वाचा. लोक पुढचा मजकूर वाचण्यात दिवस घालवतात, पण दस्ताचा खरेपणा मागच्या शेऱ्यांतून कळतो. मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याची नोंद असते: अनुक्रम नंबर, तारीख, किंमत, कोणाला विकला, सही. मुद्रांक विकत घेतल्याची तारीख दस्ताच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवशीची असली पाहिजे. मुद्रांकावरची मुद्रा तपासा. व्हिक्टोरियाचं राज्य १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. १८९० च्या दस्तावर एडवर्डची मुद्रा दिसली तर तो कागद नंतर तयार केलेला आहे. उलट राणीचा शिल्लक मुद्रांक पुढे काही काळ वापरात राहिला असेल, तर तेवढ्यावरून दस्त खोटा ठरत नाही.

त्याच बाजूला रजिस्ट्रारचे शेरे असतात. दस्त कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता हजर केला, लिहून देणाऱ्याने कबुली दिली का, त्याला ओळखणारे कोण, रक्कम रजिस्ट्रारसमोर दिली की ‘पूर्वी पावली’ असं सांगितलं, आणि शेवटी बुक, व्हॉल्यूम, पानं आणि दस्ताचा नंबर. स्थावराचे दस्त १ नंबरच्या बुकात उतरवले जातात. मृत्युपत्रं ३ मध्ये, इतर ऐच्छिक दस्त ४ मध्ये. बुक १ आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात. बुक ४ ची नकल मात्र दस्तातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांनाच मिळते. सूची १ नावांवरून लावलेली असते, सूची २ मिळकतीवरून. आडनाव नसलेल्या काळात नावाच्या सूचीने शोध घेणं म्हणजे वेळ दवडणं, म्हणून सूची २ मध्ये गावाच्या नावाखाली शोधा.

कार्यालय कोणतं, हाही प्रश्नच असतो. भीमथडी तालुका आज त्या नावाने नाही, त्याचा भाग बारामती आणि दौंडमध्ये आहे. पेटे, म्हणजे तालुक्यांचे पोटभाग, मोडले, गावं तालुके बदलून गेली. दस्त त्या काळी ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत गाव होतं तिथे नोंदलेला असणार, म्हणून आजच्या तालुक्यावर विसंबू नका. तिथे सापडला नाही तर जिल्हा निबंधकाकडे पाहा, कारण जिल्ह्यातल्या कोणत्याही मिळकतीचा दस्त त्याच्याकडे नोंदवता येत असे.

दस्तावर नोंदणीचा शेराच नाही, असंही होतं. त्यावरून लगेच दस्त बाद धरू नका. १८६६ च्या आणि पुढच्या नोंदणी कायद्यांत शंभर रुपये आणि त्यावरच्या व्यवहारांनाच नोंदणी सक्तीची होती. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याआधीचा पंचाहत्तर रुपयांचा बिननोंदणीचा दस्त कायद्याला धरून असू शकतो. मात्र पुणे, सातारा, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. १२ मे १८७५ रोजी सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे, नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागतील तिथे जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि गावरजिस्ट्रार नेमले गेले. गावरजिस्ट्रारच्या हद्दीत राहणाऱ्या शेतकऱ्याने लिहून दिलेला रोखा, खरेदीखत किंवा भाडेपट्टा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि त्याच्या साक्षीचा नसेल तर तो पुराव्यात घेतला जात नसे. म्हणून या जिल्ह्यांतल्या छोट्या रकमेच्या दस्तावर गावरजिस्ट्रारचा शेरा शोधा. पुणे-नगर भागात १८७५ पूर्वीचा रोखा मिळाला नाही तर त्याचं कारण तुमच्या घरातच असेल असं नाही.

तारखेचा घोळ सोडवणं सोपं आहे. दस्तात बहुधा शक, संवत्सर, मास, तिथी आणि शेजारी इसवी तारीख असते. शकात चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शके १८११ माघ म्हणजे १८९०, १८८९ नव्हे. आकडा पुसट असेल तर संवत्सरावरून ताळा करा. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर. १८११ अधिक १२ म्हणजे १८२३, बाकी २३, प्रभवापासून तेविसावा विरोधी. दस्तात ‘विरोधीनाम संवत्सरे’ असेल आणि शक १८१७ वाचला गेला असेल तर वाचणाऱ्याने एकाचा सात केलाय. १८१७ ला २९ वा, म्हणजे मन्मथ संवत्सर येईल. इनामाच्या जुन्या कागदांत सुहूर सन भेटतो, शब्दांत लिहिलेला: ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ३, ७०, १००, १०००, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं, इथे १७७२-७३. हा सन मृगाला बदलतो. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

मोडी वाचून घेताना लिप्यंतर करणाऱ्याला एक विनंती करा. जिथे अक्षर लागत नाही तिथे अंदाजाने शब्द भरू नका, जागा मोकळी सोडा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात, शिरोरेषा आधी आखून खाली धावतं लिहिलेलं असतं. नावात चूक झाली तर ती पुढे वीस कागदांत पसरते. आकड्यांत आणखी जपावं लागतं. रक्कम लिहिताना पावासाठी उभी रेघ आणि आण्यासाठी आडवी रेघ असते. ५॥= म्हणजे पाच रुपये दहा आणे: दोन उभ्या रेघा आठ आणे, दोन आडव्या दोन आणे. उभी रेघ कागदाच्या सुरकुतीत हरवली तर चार आणे कमी होतात आणि आकार जुळत नाही.

क्षेत्राचं कोष्टक डोक्यात ठेवा. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचेही १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्यामुळे टिपणावर, म्हणजे मोजणीवेळी काढलेल्या शेताच्या कच्च्या आकृतीवर, बांधाशेजारी ७–८ असं दिसलं तर ते सात साखळ्या आठ आणे, म्हणजे साडेसात साखळ्या, २४७.५ फूट, सुमारे ७५.४ मीटर. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, त्यावरची मापं मोलाची असतात. पट्टी लावून टिपणावरून अंतर काढू नका. आणखी एक ताळा: जुन्या एकर-गुंठ्यांच्या आकड्यात उजवीकडचा अंक ३९ च्या वर जात नाही. ४–५५ असं वाचलं गेलं तर एक तर वाचनात चूक आहे किंवा तो आकडा हेक्टर-आरमधला आहे. आणि ४–१५ ला ४.१५ एकर समजून गुणाकार करू नका. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही होते.

आता दस्तातलं शेत आजच्या सातबाराशी कसं जुळतं, ते आकडे धरून पाहू. समजा दस्त सांगतो: सर्व्हे नंबर ८४, एकूण क्षेत्र १७ एकर २० गुंठे, आकार ९ रुपये ६ आणे, पैकी रुपयात चार आणे हिस्सा विकला, आकार २ रुपये ५ आणे ६ पै. रुपयात चार आणे म्हणजे पाव हिस्सा. १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा धरून नऊ रुपये सहा आणे म्हणजे १५० आणे, त्याचा चौथा भाग साडेसदतीस आणे, म्हणजे २ रुपये ५ आणे ६ पै. हिशेब बरोबर. क्षेत्र ७०० गुंठे, चौथा भाग १७५ गुंठे, म्हणजे ४ एकर १५ गुंठे. आजच्या मापात गुंठा म्हणजे १.०११७ आर, तेव्हा १ हेक्टर ७७ आर. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तेव्हा आकार २ रुपये ३४ पैसे. सातबारावर १.७७ आणि २.३४ ही जोडी दिसली तर तुम्ही योग्य शेतात आहात. आकार जुळतो पण क्षेत्र जास्त आहे, समजा ५ एकर १० गुंठे, तर घाबरू नका. वाटणीत हलक्या मातीचा भाग त्या हिस्सेदाराकडे गेला असेल, कारण पोटहिस्से मोजताना आकार नुसत्या क्षेत्रावर पडत नाही, मातीच्या प्रतीप्रमाणे फुटतो. क्षेत्र जुळतं पण आकार अजिबात जुळत नाही, तर मात्र थांबा. मध्ये फेरजमाबंदी झाली आहे का ते आधी पाहा. झाली असेल तर संपूर्ण नंबराचा जुना आकार आणि नवा आकार यांचं गुणोत्तर काढून हिस्स्याला लावा. तरीही जमलं नाही तर शेतच वेगळं आहे. पोटखराबा, म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा भाग, वेगळा धरायला विसरू नका, त्यावर आकार नसतो.

काम दोन्ही टोकांकडून करावं लागतं. आजच्या टोकाकडून: चालू सातबारा, त्यावरच्या फेरफारांचे नंबर, मग गट कधी पडला ते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावात योजना राबवली गेली असेल तर एकत्रीकरण योजनेचा उतारा भूमी अभिलेखात मिळतो, ९(३)–९(४) चा उतारा म्हणून लोक तो मागतात. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा कोणत्या गटात गेला हे असतं. योजनेत अदलाबदलही झाली, त्यामुळे तुमच्या कुटुंबाची जुनी जागा आज दुसऱ्याच्या गटात आणि त्याची तुमच्याकडे, असं सर्रास आढळतं. काही गावांत योजना झालीच नाही, तिथे आजही सर्व्हे-हिस्साच चालतो. त्याच्या मागे हिस्से मोजल्याचे फाळणी नकाशे, आकारफोड, कमी-जास्त पत्रक, गुणाकार बुक हे भूमी अभिलेखाकडे, आणि जुने सातबारे, फेरफाराची बुकं, कडईपत्रक हे तहसीलच्या अभिलेख कक्षात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेले आहेत, पण पान अर्धवट आलेलं असेल तर मूळ बुक पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मागच्या पानावर चालू राहिलेली नोंद हमखास सुटते.

दोन्ही टोकं भेटण्याची जागा म्हणजे गावच्या फेरफार बुकातल्या अगदी पहिल्या नोंदी. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच घातली गेली. त्याआधी सरकारी दप्तर फक्त सारा भरायला जबाबदार असलेला खातेदार ओळखत होतं. भाऊबंद, गहाणदार, खरीददार यांची नावं त्यात येत नसत. सावकाराने जमीन घेतली तरी खात्यावर शेतकऱ्याचंच नाव राहिलेलं असे, कारण सारा त्याच्याच नावे भरला जाई. म्हणून १८९५ च्या पत्रकात पणजोबांचं नाव दिसलं म्हणजे जमीन तेव्हा त्यांचीच होती असं धरू नका, आणि नाव दिसलं नाही म्हणजे हक्क नव्हता असंही धरू नका. हक्कनोंदणी सुरू झाली तेव्हा गावकामगारांनी दस्त पाहून, जबाब घेऊन जी पहिली नोंद केली, तिच्यात बहुधा जुन्या खरेदीचा उल्लेख सापडतो: ‘खरेदीखत सन अमुक, रजिस्टर नंबर तमुक’. तो नंबर तुमच्या दस्ताच्या मागच्या नंबराशी जुळला तर सांधा बसला. नोंद प्रमाणित झाली आहे का, हेही पाहा. अधिकाऱ्याची सही नसलेली किंवा ‘नामंजूर’ शेरा असलेली नोंद पुराव्याला फार उपयोगी पडत नाही.

नावांचं काय करायचं ते आता. ‘बिन’ म्हणजे मुलगा, मुसलमान कुटुंबांत ‘वलद’, ‘कोम’ म्हणजे बायको. ‘अज्ञान, पालनकर्ती आई’ असेल तर तो वारस तेव्हा सज्ञान नव्हता. ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी, आणि तसं लिहिलेलं असेल तर त्याच्या एकट्याच्या नावावरची जमीन सगळ्या भावांची असण्याची शक्यता धरून वंशावळ मांडा. एकाच घरात आजोबा आणि नातू दोघंही रामजी बिन बाळाजी असतात. त्यांना वेगळं करायला कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, मृत्यूची नोंद उपयोगी पडते. मेल्याची तारीख दस्ताच्या आधीची निघाली तर लिहून देणारा दुसरा. निशाणीही बघा. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढी, बाई बांगडी काढी, सुतार, कुंभार आपापल्या हत्याराची खूण काढत. शेतकरी घराच्या दस्तावर तराजू दिसला तर लिहून देणाऱ्याचं नाव पुन्हा वाचा.

दस्तात नंबरच नसेल, नुसतं ‘वडाचं शेत’ किंवा ‘माळ’ असं नाव असेल, तर चतुःसीमा हाच आधार. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चार शेजाऱ्यांची नावं एका कागदावर मांडा आणि त्या काळच्या शेतवार पत्रकात किंवा सूडपत्रकात, म्हणजे शेतांच्या जुन्या नंबरवार यादीत, ती लागोपाठच्या नंबरांत कुठे सापडतात ते पाहा. दोन शेजारी जुळले आणि ओढा किंवा रस्ता गावनकाशात त्याच बाजूला असला तर शेत सापडलं म्हणायला हरकत नाही. एकाच शेजाऱ्यावर विसंबू नका, एकाच माणसाची गावात चार ठिकाणी शेतं असत.

राहिला सर्वांत नाजूक भाग, विक्री की गहाण. नावावर जाऊ नका. त्या काळात गहाणाला खरेदीचा पेहराव देण्याची रीत फार होती. ‘मुदत खरेदी’त अमुक वर्षांत रक्कम परत दिली तर जमीन परत, नाही तर खरेदी कायम, असं असे. ‘गहाणलहाण’ही त्याच जातीचा. ‘कब्जेगहाण’ म्हणजे ताबा सावकाराकडे आणि उत्पन्न व्याजात. ‘नजरगहाण’ म्हणजे ताबा शेतकऱ्याकडे, जमीन फक्त तारण. दस्तात ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोग घ्यावा’, ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असं भरघोस लिहिलेलं असलं तरी ते ठरावीक शब्द आहेत, लेखक प्रत्येक खरेदीखतात घालत असे. खूण दुसरीकडे शोधा. किंमत त्या वेळच्या शेजारच्या खरेद्यांच्या मानाने फारच कमी आहे का? मोबदल्यात रोख किती आणि ‘मागील रोख्याचे देणे वळते’ किती? विकणाराच पुढे कसत राहिला का? हे पाहायचा खात्रीचा मार्ग म्हणजे नोंदणीच्या बुकात तुमच्या दस्ताच्या पुढचा आणि मागचा नंबर वाचणं. खरेदीखत ४१२ आणि त्याच दिवशी ४१३ नंबरला विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला लिहून दिलेली कबुलायत, म्हणजे जमीन खंडाने कसायला घेतल्याचा दस्त, किंवा घेणाऱ्याने लिहून दिलेला परत देण्याचा करार, असं पुष्कळदा निघतं. दुसरा दस्त तुमच्या घरात नसतो, तो सावकाराच्या घरी गेलेला असतो, म्हणून नोंदणीचं बुकच पाहावं लागतं.

तारखेचा इथे मोठा परिणाम होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल १९३० पासून, परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. त्याआधीच्या व्यवहारात वेगळा करार असूनही गहाण मानण्याला वाव होता. दख्खनच्या चार जिल्ह्यांत शेतकरी मदत कायद्यात १९०७ मध्ये घातलेल्या १०-अ कलमाने तोंडी पुराव्यावरूनही खरेदीच्या आड गहाण आहे हे दाखवता येत असे. त्यामुळे १९०७ नंतरच्या काळात त्या जमिनीबद्दल दिवाणी दावा झाला असेल तर त्याचा निकाल शोधा, फेरफारात त्याचा दावा नंबर आलेला असतो. गहाण सोडवण्याची मुदत १९०८ च्या मुदत कायद्यात साठ वर्षं होती, १९६३ च्या कायद्यात तीस. १८९० च्या गहाणावर आज दावा उभा राहील का, हे ती मुदत कधी सुरू झाली, ताबा कोणाकडे होता आणि मधल्या काळात कोणी काय कबूल केलं यावर ठरतं. ते वकिलाकडून पाहून घ्या आणि त्याच्याकडे जाताना लिप्यंतरासोबत मूळ दस्ताचा फोटो न्या.

साखळी मध्येच तुटली तर तीन शक्यता पडताळा. दुष्काळांच्या वर्षांत, १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या आसपास, सारा थकल्याने जमीन सरकारजमा झाली असेल. ती आकारी पड म्हणून राहते आणि पुढे पुन्हा दिली जाते. जमीन महसूल कायद्याच्या १९०१ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन विकता न येणाऱ्या शर्तीवर देण्याची सोय झाली. त्याच विधेयकाला विरोध करत फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सभात्याग केला होता. तेव्हाची ‘नवीन शर्त’ आज सातबारावर भोगवटादार वर्ग-२ म्हणून दिसते आणि विक्रीच्या परवानगीचा प्रश्न तिथून येतो. दुसरी शक्यता इनाम किंवा वतन. तसं असेल तर सनद, जुडी (इनामावरचा कमी सारा) आणि गाव नमुना ३ पाहा, आणि वतनं खालसा करणारे १९५० नंतरचे कायदे व त्यानुसार झालेला फेरदेणीचा फेरफार शोधा. इनामाचे जुने कागद पुण्याच्या पुरालेखागारात मिळू शकतात. तिसरी शक्यता कुळाची: १ एप्रिल १९५७, म्हणजे कूळकायद्यातला कृषिदिन, या तारखेच्या आगेमागे सातबारावर कूळ लागलं असेल तर त्याच कायद्याच्या ३२-ग कलमाचा निकाल आणि ३२-म चं प्रमाणपत्र शोधा, कारण मालकी तिथे फिरलेली असते.

हे सगळं पुणे, सातारा, नगर, सोलापूर, नाशिक अशा इलाख्याच्या रयतवारी गावांना लागू आहे. कोकणातल्या खोती गावाला बोटखत आणि १८८० चा खोती कायदा पाहावा लागतो, मराठवाड्यात निजामी दप्तर, उर्दू आणि फसली सन, आणि नागपूरकडे मालगुजारीचे कागद. तिथे आकाराच्या मागावर जायची ही रीत तशीच्या तशी चालणार नाही.

अर्ज करताना ‘आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद’ असं मोघम लिहू नका, कर्मचारी ‘अभिलेख आढळत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. गावाचं नाव, तेव्हाचा तालुका, सर्व्हे नंबर, अभिलेखाचं नाव आणि वर्षांचा पल्ला, एका अर्जात एकच अभिलेख, आणि प्रमाणित नकल. अभिलेख नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सह्या आणि अक्षराबद्दल न्यायालय गृहीत धरू शकतं, पण दस्त कुठे आणि कोणाकडे राहिला हे सांगावं लागतं. तेव्हा तो ज्या पेटीतून निघाला ती पेटी, सोबतचे इतर कागद, आणि घरात तो आधी कोणाकडे होता याची नोंद आजच लिहून ठेवा, घरातली म्हातारी माणसं सांगू शकतात तोवर.